स्तुतीची वेळ

देव आपलं ऐकतो, यावर माझा लहानपणापासून विश्वास होता. पण मलाच ऐकू येईनासं झालं तेव्हा त्या विश्वासाचं काय करायचं ते मला कळेना. मुरबाडला माझं सासर. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, पावसाळ्याच्या अखेरीला मला मुदतीचा ताप आला. तापात मी कितीतरी दिवस बेशुद्धच होते म्हणतात. ताप उतरला, मी भिंतीला टेकून बसले, सासूबाईंनी पेजेची वाटी पुढं केली आणि काहीतरी बोलल्या. त्यांचे ओठ हलताना दिसले, आवाज आला नाही. मला वाटलं, मी आजारी म्हणून त्या हळू बोलताहेत. मग अंगणात कोंबडा मान ताणून आरवताना दिसला. त्याचाही आवाज नाही. तेव्हा माझ्या हातातली वाटी पडली.

बहिरी सून कोणाला हवी असते? भांडण झालं नाही, मारहाण झाली नाही. एके दिवशी माझं गाठोडं बांधून मला माहेरच्या वाटेवर आणून सोडलं, एवढंच. माझं माहेर आटगाव स्टेशनाजवळ, गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडच्या वस्तीत. आमच्यापैकी कोणाच्या नावावर जमीन नव्हती. भाताच्या आवणीला आणि कापणीला लोकांच्या शेतावर जायचं, आणि पावसाळा सरला की स्टेशनालगतच्या गवताच्या वखारीत राबायचं. डोंगरातून गाड्या भरभरून गवत यायचं, ते निवडायचं, लाकडी दाबात दाबून त्याच्या गासड्या बांधायच्या, आणि त्या वॅगनीत चढवायच्या. मुंबईच्या तबेल्यांतल्या घोड्यांना आणि म्हशींना हे गवत लागायचं. त्या वाळल्या गवताचा गोडसर वास अजूनही कुठं आला की माझे पाय जागच्या जागी थांबतात.

आमची वस्ती ख्रिस्ती. बा लहान असताना दहा-बारा घरांनी बाप्तिस्मा घेतला होता. देऊळ म्हणजे कारवीच्या कुडाची, शेणाने लिंपलेली एक लांबट खोली. आत एक टेबल, एक घंटा आणि एक ढोलकी. लग्नाआधी त्या देवळात गीत मी उचलायची. मी पहिली ओळ म्हणायची आणि सगळी मंडळी माझ्यामागून म्हणायची. माझा आवाज ओढ्यापलीकडे गावात ऐकू जातो असं लोक सांगत, आणि मला त्याचा गर्व नसला तरी आनंद फार होता. परत आले ती अशी, की मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. आपण ओरडतोय की पुटपुटतोय ते समजायचं नाही. एकदा देवळात मी काहीतरी बोलले आणि सगळी पोरं दचकून माझ्याकडे बघायला लागली. त्या दिवसापासून मी चारचौघांत बोलणंच सोडलं. उपासनेला जायची, पण दारापाशी, जिथं लोक वहाणा काढतात तिथं बसायची. आत लोकांची तोंडं उघडमीट व्हायची, मी माझ्या पायाच्या बोटांकडे बघायची. मनात देवाला म्हणायची, तुझीच गीतं म्हणत होते ना मी? मग माझ्यापासूनच का हिरावून घेतलंस? त्याचं उत्तर यायचं नाही, आणि आलं असतं तरी मी बहिरी.

अशी चार-पाच वर्षं गेली असतील. तिकडे मोठी लढाई सुरू झाली होती, मातीचं तेल महाग झालं होतं. आमचे जुने उपदेशक वारले आणि मुरबाडहून नवे नेमले गेले. त्यांना सगळे याकोब मास्तर म्हणत. उंच, सडपातळ, आणि ओठ झाकून टाकणाऱ्या जाडजूड मिशा. त्यांच्याकडे मुरबाडच्या बाजूच्याही मंडळ्या होत्या, म्हणून आमच्याकडे एक रविवार सोडून यायचे. शनिवारी मुरबाडहून निघायचे, कधी पायी, कधी कोणाच्या बैलगाडीत. वाटेत शेणव्याला मुक्काम करायचे आणि पहाटे सापगावची नदी उतरून उपासनेला हजर.

पहिल्याच रविवारी ते दारापाशी थांबले आणि माझ्याकडे बघून काहीतरी विचारू लागले. मी मान खाली घातली. तेव्हा काय बोलणं झालं ते, आणि पुढचंही असं पुष्कळसं, सगुणाआत्याने मला नंतर समोर बसवून सांगितलं. आत्या म्हणजे आमच्या शेजारची म्हातारी, वस्तीतल्या अर्ध्या पोरांची सुईण. मास्तरांनी विचारलं, "ही ताई बाहेर का बसते?" कोणीतरी म्हणालं, "ती बहिरी हाय मास्तर. तिला काय कळतंय? आत बसली काय न् भाईर बसली काय." मास्तरांनी टेबल उचललं, ते अंधाऱ्या कोपऱ्यातून खिडकीपाशी नेऊन ठेवलं, आणि परत येऊन मला खुणेने आत बोलावलं. अगदी पुढं, टेबलासमोर बसवलं. खिडकीचा उजेड त्यांच्या तोंडावर पडत होता. ते बोलू लागले, आणि मी त्यांच्या ओठांकडे बघू लागले. पण त्या मिशांमुळे मला काही म्हणता काही कळेना. उपासना संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे, कळलं का? मी खरं तेच सांगितलं. मान हलवली, नाही. आणि माझ्या वरच्या ओठावर, मिशी असते तिथं, बोट लावून दाखवलं. मला तेव्हा त्यात काही आगाऊपणा वाटला नव्हता, आता वाटतो.

पुढच्या वेळी मास्तर आले ते मिशी उतरवून. देवळात शिरले मात्र, आणि सगुणाआत्याने छाती पिटायला सुरुवात केली. बायका पदर तोंडाला लावून रडू लागल्या. माणसं उभी राहिली. कारण आमच्याकडे पुरुषाने मिशी काढली की घरातलं थोरलं माणूस गेलं असंच समजायचं. आत्या म्हणाली, "कोन गेलं हो मास्तर? आई का बाप?" मास्तर गडबडले. मग हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच पूर्ण पाहिलं. पुढचा एक दात किंचित वाकडा होता. त्यांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, आणि हे मला कळलं, शब्दन् शब्द कळला, "कोणी. गेलं. नाही. हिला. दिसावं. म्हणून. काढली."

बाप गेला नसताना माणूस मिशी काढतो आणि ते सासरने टाकलेल्या एका बहिऱ्या बाईसाठी, हे आमच्या वस्तीच्या ध्यानात यायला वेळ लागला. मला तर त्या दिवशी रडूच आवरेना. ते प्रवचन काय होतं तेही आता सांगता येणार नाही. देवाने मला टाकलं नाही, एवढंच त्या दिवशी मला उमगलं, आणि ते शास्त्रातून नाही, एका माणसाच्या उघड्या ओठांवरून.

मग त्यांनी एक रीत पाडली. छोटी छोटी वाक्यं बोलायची. एक वाक्य झालं की माझ्याकडे बघायचं. मला कळलं नसेल तर मी तळवा वर करायचा, मग ते तेच दुसऱ्या शब्दांत सांगायचे. सुरुवातीला लोक कंटाळले. महादू म्हणून वखारीतला गासड्या बांधणारा गडी होता, अंगाने आडदांड, तोंडाने फटकळ. तो म्हणाला, "मास्तर, एका बायसाठी आमी समदे दोनदा दोनदा ऐकायचं का?" मास्तर म्हणाले, "बरं महादू, मग तूच सांग. मी आत्ता 'नीतिमान' म्हणालो. म्हणजे काय?" महादूने डोकं खाजवलं. शेजारच्याकडे बघितलं. शेजारच्याने त्याच्या शेजारच्याकडे बघितलं. शेवटी महादू म्हणाला, "नाय कळलं. आजवर कधीच नाय कळलं. पन विचारायची लाज वाटं." सगळी मंडळी खो-खो हसली. मास्तर सगळ्यांत जास्त हसले. "चूक माझी," ते म्हणाले. "मी शिकलो तसंच बोलत आलो. आता या ताईने हात वर केला की समजायचं, ती तुम्हां सगळ्यांचा हात वर करते आहे." नंतर देवळाबाहेर महादू माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि तोंड पुरतं उघडून, एकेक अक्षर चावत म्हणाला, "बाय. हात. करत. जा." अशा रीतीने मला वस्तीत एक काम मिळालं. न ऐकणाऱ्या बाईचं काम, सगळ्यांना ऐकू येतंय की नाही ते बघायचं.

दुसरी रीत उपासनेच्या शेवटची. मास्तर तिला स्तुतीची वेळ म्हणायचे. आधी देवाची स्तुती, मग वस्तीतल्या कोणातरी एकाची. नाव घेऊन, त्याने काय केलं ते साध्या शब्दांत सांगायचे. तिखटमीठ लावायचं नाही, गोडगोड बोलायचं नाही. "रखमाने आपल्या आजारी शेजारणीच्या घरी रोज पेज नेऊन दिली." रखमा म्हणजे महादूची बायको. "सगुणाआत्या पावसात भिजत बाळंतिणीसाठी सापगावापर्यंत गेली. देवाने हे पाहिलं. आम्हीही पाहिलं." बस्स, एवढंच. पण तुम्ही आमच्या जागी असायला हवं होतं. आठवडाभर आम्हांला मुकादमाच्या शिव्या, वखारीच्या मुनिमाची दटावणी, गावातून जाताना बाजूला सरकून चालणं. आपलं नाव कोणी चांगल्या कामासाठी मोठ्याने घेतं हे आम्हांला ठाऊकच नव्हतं. ज्याचं नाव निघे तो मान खाली घाली आणि अंगठ्याने जमीन उकरू लागे. पण पुढच्या आठवड्यात त्याची चाल बदललेली दिसे. मला दिसे, कारण मी बघण्यावरच जगत होते. बा कधी कोणाशी धड बोलायचा नाही. त्याचं नाव निघालं त्या दिवशी घरी येऊन त्याने स्वतः चूल पेटवली आणि मला समोर बसवून भाकरी वाढली.

ते दिवस मला फार आठवतात. पोटाला पुरेसं नव्हतं, तरी पीक घरात आल्यावरच्या उपकारस्तुतीच्या सणाला देवळात नाचणीची, वरीची सुपं ठेवायला जागा पुरत नसे. कोणी अंबाडीची जुडी आणी, कोणी पाय बांधलेली कोंबडी. आणि गीत सुरू झालं की मी ढोलकीच्या कडेवर तळहात ठेवून बसायची. तो ठेका हातातून छातीत यायचा. गात मात्र नव्हते. आवाजाची भीती गेली नव्हती.

आणि मग ती आग लागली. होळीच्या सुमारास असेल. गवत वाळून कडकडीत झालेलं, वारा सुटलेला. दुपारी सगळी माणसं छपरीखाली भाकरी खायला बसली होती. मी मागच्या गंज्यांच्या रांगेत, रेल्वेच्या रुळांच्या बाजूला, गवतातले काटे निवडत राहिले होते. जमिनीवर सावली सरकली. मला वाटलं, ढग आला. मग पाठीला धग लागली. वळून बघते तर दोन गंज्यांमधल्या वाटेच्या दोन्ही तोंडांना धूर. लोक ओरडत असतील, माझ्या नावाने हाका मारत असतील, मला काय कळणार? मी एका बाजूला धावले, परत फिरले, दुसऱ्या बाजूला धावले. पायाखालचं गवत पेटलं होतं. मी खाली बसले आणि डोळे मिटले. प्रार्थना सुचली नाही. मी खोटं सांगणार नाही, मला फक्त माझी गेलेली आई आठवली.

कोणीतरी माझं मनगट पकडलं. डोळे उघडले तर महादू. डोक्यावर ओलं गोणपाट. त्याने ते माझ्यावर टाकलं, मला पोत्यासारखं खांद्यावर घेतलं आणि जाळातून रुळांच्या बाजूला पळाला. तिथल्या चरात मला उतरवलं. त्याच्या उजव्या हाताची कातडी सुटून लोंबत होती. तो काहीतरी बोलला आणि रुळांवरून ओढ्याच्या दिशेने धावत निघून गेला; भाजलेला हात पाण्यात बुडवायला गेला होता, ते त्यानेच मला पुढं सांगितलं. मग मला काही आठवत नाही.

शुद्धीवर आले ती घरात. पाय भाजलेला, घशात धूर गेलेला, आवाज पार बसलेला. बरेच दिवस मी पडूनच होते. बा येऊन बसायचा, पायाला खोबरेल लावायचा. त्याचं तोंड उतरलेलं दिसायचं. मला वाटलं, वखार जळली, काम बुडालं, म्हणून असेल. बायका यायच्या, आपापसांत बोलायच्या, माझ्याकडे बघून च्‌ च्‌ करायच्या आणि जायच्या. तू बाहेर कशी आलीस असं मला कोणी विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही, कारण मला वाटलं, सगळ्या जगाने ते पाहिलंय. बहिऱ्या माणसाला नेहमी असंच वाटतं, की बाकीच्यांना सगळं ठाऊक असतं.

बाहेर काय शिजत होतं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. महादूला बिडीची सवय होती, वखारीत त्यावरून त्याने बोलणीही खाल्ली होती. आग लागली तेव्हा तो छपरीखाली नव्हता. ती विझवताना कोणाला दिसला नाही. बऱ्याच वेळाने रुळांवरून लांबून परत येताना दिसला, आणि हात भाजलेला. मुनिमाने तिथंच ठरवून टाकलं. यानेच बिडी टाकली आणि हाच पळाला. हा माणूस वस्तीत आहे तोवर वस्तीतल्या एकालाही काम मिळणार नाही, असं त्याने बजावलं. मला चरातून बायकांनी उचलून आणलं होतं. त्यांना वाटलं, मी आपली आपणच बाहेर पडून तिथं कोसळले. आमच्या लोकांनी महादूची बाजू घेतली नाही. पोटाची भीती होती. काही म्हणाले, कशाला उगीच. काही म्हणाले, त्यानेच केलं असेल. आणि महादूनेही तोंड उघडलं नाही. का नाही उघडलंस असं मी त्याला पुढं विचारलं, तर म्हणाला, "ज्यांच्यासंगं जेवलो त्यांनी इचारलं नाय, तर सांगू कोनाला?" देवळात यायचं त्याने सोडलं. एकमेकांचं तोंड चुकवून लोक देवळात बसू लागले, मग बसेनासे झाले. वस्तीचं मन फाटलं. महादू बायकापोरांना घेऊन मुंबईला निघाला, आणि दोन-तीन घरांनी त्याच्यामागोमाग जायचं ठरवलं.

मास्तर या सगळ्या दिवसांत मुरबाडला हिवतापाने अंथरुणावर होते. त्यांना आगीची बातमी कळली होती, बाकी काही नाही. महादू निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारीही, अंगात ताप होता, आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांना जाऊ देणार नाही असं सांगितलं होतं. मास्तरांनीही ते मान्य केलं होतं. पण शहापूरच्या बाजाराला निघालेल्या एका गाडीच्या जूची शिवळ, बैलाच्या मानेशेजारची ती लाकडी खुंटी, नेमकी त्यांच्या दारासमोर मोडली. गाडीवान दुसरी शिवळ मागायला आत आला. मास्तरांनी ती तासून दिली. गाडी रिकामीच होती. गाडीवान सहज म्हणाला, येताय का. आणि मास्तर घोंगडी गुंडाळून गाडीत चढले. ते पुढं नेहमी म्हणायचे, मी निघालो नाही, मला नेलं. मी त्यावर काही बोलत नाही. शिवळा मोडतच असतात. पण ती आठवड्याने मोडली असती तर माझ्या आयुष्यातून एक माणूस गेला असता, आणि त्याला आपण काय केलं हे कधी कळलं नसतं.

रविवारी सकाळी घंटा झाली म्हणून बा मला आधार देऊन देवळात घेऊन गेला. जेमतेम निम्मी माणसं. मास्तर घोंगडी पांघरून टेबलाशी उभे होते, डोळे लाल. त्यांनी लोकांना काहीतरी विचारलं. शेवटी सगुणाआत्या उठली आणि पदराने तोंड पुसत बराच वेळ बोलत राहिली. मास्तरांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी पुस्तक मिटलं, माझ्यासमोर येऊन ते मांडी घालून बसले, आणि मला ते सांगितलं जे इतक्या दिवसांत कोणी सांगितलं नव्हतं.

"महादू गाव सोडतोय. आज. आत्ता. स्टेशनावर आहे."

मी खुणेने विचारलं, का?

"लोक म्हणतात, आग त्याने लावली. आणि पळाला."

पळाला हा शब्द मी त्यांच्या ओठांवर दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, मी चुकले. मग मी उभी राहिले. भाजल्या पायावर उभी राहिले ते मला नंतर कळलं. कितीतरी वर्षांत मी चारचौघांत बोलले नव्हते. माझा आवाज कसा निघाला, किती मोठा, किती चिरका, मला ठाऊक नाही. सगुणाआत्या सांगायची की कुडावरच्या पाली पळाल्या. मी म्हणाले, "पळाला? मग मला कोनी आनलं भाईर? मी आतमंदी बसलीवती. दोन्हीकडं जाळ. तो आत आला. आपल्या डोक्यावरचं गोनपाट माज्यावर टाकलं न् मला खांद्यावर घेतलं. त्याच्या हाताची कातडी गेली ती मला उचलताना गेली. माज्या डोळ्यांनी बघितली. तुमी मला इचारलं का नाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते.

मास्तर कोणावर रागावले नाहीत. आमच्यापैकी प्रत्येकाला वाटत होतं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते एवढंच म्हणाले, "आज स्तुतीची वेळ आधी. आणि ती इथे नाही. चला." मला त्यांनी आपल्याला घेऊन आलेल्या त्या बैलगाडीत बसवलं. बाकीची मंडळी मागून, जवळजवळ धावत.

महादू फलाटावर गाठोड्यावर बसला होता, हाताला फडकं गुंडाळलेलं. रखमा दोन पोरींना कुशीत घेऊन. आम्हांला बघून त्याने तोंड फिरवलं. मास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि देवळात बोलतात तसंच, सावकाश, स्पष्ट, फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. वखारीच्या फाटकात मुनीमही येऊन उभा राहिला होता. "महादू आगीत शिरला. या ताईला ऐकू येत नाही, म्हणून तिच्यासाठी शिरला. तिला बाहेर काढलं. स्वतः भाजला. कोणाला सांगितलं नाही. देवाने हे पाहिलं. आम्ही पाहिलं नाही, म्हणून त्याची क्षमा मागायला आलो आहोत."

बा पुढं झाला. ज्याने आयुष्यात कोणासमोर दोन वाक्यं बोलली नाहीत तो माझा बाप महादूच्या पायाशी वाकला. महादूने त्याला डाव्या हाताने धरलं. "असं नको करू काका," तो म्हणाला, "गाडी येतेय. तिकिटं काढलीत." सगुणाआत्या त्याच्या गाठोड्यावरच बसली. "जा तू. मी नाय उठत," ती म्हणाली. "तू नाय तर देवळात मी कोनाला शिव्या घालू रे?" रखमा हसली आणि हसता हसता रडू लागली. महादू माझ्याकडे आला. मी त्याचा भाजलेला हात दोन्ही हातांत धरला. गाडी आली, धुराने फलाट भरला, गाडी गेली. धूर विरला तेव्हा आत्या अजून गाठोड्यावर बसलेली होती.

परत येताना मंडळी गाऊ लागली. मला ऐकू येत नव्हतं, पण बैलगाडीभोवती चालणाऱ्या सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती, आणि कुठलं गीत, कुठलं कडवं ते ओठांवरून दिसत होतं. मास्तर मुद्दाम उलटे चालत होते, तापलेल्या अंगाने, मला दिसावं म्हणून. मी तोंड उघडलं. सूर लागला की नाही ते मी आजवर कोणाला विचारलेलं नाही. पण महादूची धाकटी पोर माझ्या मांडीवर बसली होती, तिने माझ्या गळ्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

काही दिवसांनी वखार पुन्हा सुरू झाली. मुनिमाने आपले शब्द मागे घेतले नाहीत, फक्त ते परत काढले नाहीत. महादूसकट सगळे कामाला लागले. इंजिनाची ठिणगी उडाली असावी असं पुढं लोक बोलू लागले, खरं काय ते देव जाणे. मुंबईला जाणार होती त्यांपैकी एक घर गेलंच, बाकीची राहिली. मास्तर आणखी काही वर्षं येत राहिले, मग त्यांची दुसरीकडे नेमणूक झाली. शेवटच्या रविवारी स्तुतीच्या वेळी ते आपल्याबद्दल कोणाला काही बोलू देईनात. म्हणाले, मला रडू येईल, आणि रडताना माझे ओठ ताईला कळायचे नाहीत.

आता मी म्हातारी झाले. बा गेला, आत्या गेली, महादूही गेला. कान काही परत आले नाहीत. तापातून उठल्यापासून रोज संध्याकाळी चुलीपुढं बसून मी देवाजवळ कान मागत असे, आधी रागाने, मग रडून, मग सवयीने. तो नाही म्हणतो की काहीच म्हणत नाही हेही मला कळत नसे. फलाटावरच्या त्या रविवारनंतर बऱ्याच महिन्यांनी एका संध्याकाळी मी प्रार्थना केली. बाच्या खोकल्यासाठी मागितलं, महादूच्या हातासाठी मागितलं, रखमाला दिवस गेले होते तिच्यासाठी मागितलं, मास्तरांच्या हिवतापासाठी मागितलं. आमेन म्हटलं. भाकरी उलटली. आणि मग ध्यानात आलं की कान मागायचे राहून गेले. परत डोळे मिटून मागावे असं मनात आलं. पण भाकरी छान फुगली होती, बा पाटावर येऊन बसला होता, आणि मी ती त्याच्या ताटात वाढली.